आपल्याकडे पण आहे की बेट!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर भांडायलाच बसलोय. भांडण घरातलंच आहे. त्यामुळे ज्यांना यात स्वतःचं वर्णन सापडेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मगच फोन करावा. नावं कुणाचीच घेतलेली नाहीत, एवढी सभ्यता पाळली आहे.

झालं असं की माझी आतेबहीण बरीच वर्षं वेल्समध्ये असते. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला तो डोंगराळ, पावसाळी मुलुख. मागच्या महिन्यात ती तिथल्या एका बेटावर जाऊन आली. अँगलसी नावाच्या मोठ्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला हे छोटं बेट आहे. नाव तिने लिहून पाठवलं, उच्चारून पाठवलं, तरी मला अजून जमत नाही. 'ल्हानद्विन' असं काहीतरी. सुरुवातीचा 'ल' म्हणे जीभ टाळूला लावून बाजूने फुंकायचा असतो. असो. हे भरती-ओहोटीचं बेट. पाणी हटलेलं असलं की वाळूवरून चालत जायचं, मोठ्या भरतीला मधली वाट बुडते आणि तेवढ्या वेळापुरतं ते खरंखुरं बेट होतं. वर एक पांढरं जुनं दीपगृह आहे. जहाजांना सामुद्रधुनीत वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांची बैठी घरं आहेत. संत ड्विनवेन नावाच्या बाईचं जुनं ठाणं आहे. ही वेल्श लोकांची प्रेमिकांची संत, तिचा दिवस २५ जानेवारीला असतो. ताईने फोटो झकास काढले होते, आणि खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: भरतीचं वेळापत्रक बघूनच जावं लागतं, आम्ही चार तास होतो, वेळेवर परतलो.

इथपर्यंत सगळं छान. मग आमच्या घरच्या ग्रुपवर उधाण आलं. 'वा', 'स्वर्ग', 'आपल्याकडे असं काही नाही' वगैरे झाल्यावर आमच्यातल्या एका हौशी गृहस्थाने एक फोटो टाकला. निळंशार पाणी, त्यात हिरव्या टेकड्यांची टोकं, एका टोकावर कुडाचं एकच घर. खाली ओळ: 'कशाला हवंय वेल्स? आपल्या नंदुरबारचं मालदीव! आपल्याकडे पण आहे की बेट!' त्यावर एकोणीस अंगठे. डिसेंबरात सगळ्यांनी जायचं, बोट कोण ठरवणार, वर तंबूत राहायची सोय होते का, इथपर्यंत बेत गेला. आणि जबाबदारी कुणावर? जवळ राहतो म्हणून माझ्यावर!

तर हे माझं उत्तर. मी बोट ठरवणार नाही. का नाही, ते ग्रुपवर लिहिण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी बेट म्हणजे काय ते बघू. आपल्या महाराष्ट्रात भरती-ओहोटीचं बेट बघायचं असेल तर अलिबागला जावं. कुलाबा किल्ला हे अगदी तसंच बेट आहे, ताईच्या बेटापेक्षा कणभरही कमी नाही. पाणी हटलं की चालत नाहीतर घोडागाडीने किल्ल्यात जाता येतं, पाणी चढलं की होडी. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं, पुढे आंग्र्यांचं ते मुख्य ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. म्हणजे लाट आली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि गणपतीचं सुंदर देऊळ. खाऱ्या पाण्याच्या मधोमध ती विहीर बघून आमच्या आईने हात जोडले होते, गणपतीच्याही आधी.

आम्ही गेलो तेव्हा टांगेवाल्याने आत सोडताना सांगितलं, "सव्वा तासात या, नाहीतर चारपाच तास गणपतीपाशीच बसा." त्याला हे सांगायला घड्याळ लागत नव्हतं. कोकणातल्या माणसाचा हिशेब साधा असतो: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या तासाच्या आसपास भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. मुंबईच्या पेपरात भरतीच्या वेळा छापून येतात त्या वेगळ्याच. चंद्र कुणाची बाजू घेत नाही. त्याने आज पाणी चढवलं, उद्या तास-पाऊणतास उशिरा पुन्हा चढवणार, हे हजार वर्षांपूर्वीच्या कोळ्यालाही ठाऊक होतं आणि आजच्या पर्यटकालाही. बेटावर अडकलात तर चूक तुमची, आणि सुटका काही तासांत ठरलेली.

आता चला आपल्या तथाकथित मालदीवला.

नर्मदा महाराष्ट्राला फक्त ५४ किलोमीटर शिवते, आणि ती सगळी आपल्या जिल्ह्यात. अक्कलकुवा आणि धडगाव (कागदोपत्री अक्राणी) या दोन तालुक्यांच्या उत्तर टोकाला. पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. इथे समुद्र नाही, भरती नाही, चंद्राचा काही संबंध नाही. फोटोतलं निळं पाणी म्हणजे सरदार सरोवर धरणाचा फुगवटा. धरण खाली गुजरातेत, केवडियाला. पाणी मागे २१४ किलोमीटरपर्यंत तुंबतं. आणि ज्याला तुम्ही बेट म्हणताय ती टेकडीची टोकं आहेत. टेकडी खालून चालू होते, जिथे नदीकाठचं सपाट रान होतं, गाळाची जमीन होती, मोहाची झाडं होती, देव होते, मसण होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्याच्या रेषेत आली: नऊ अक्कलकुव्याची, चोवीस धडगावची. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण... ही नावं आमच्या पिढीने पेपरात वाचली. मेधा पाटकर, सत्याग्रह, 'डुबेंगे पर हटेंगे नहीं' हे सगळं. त्या वेळी आपण शहाद्यात-नंदुरबारात बसून 'विकासाला विरोध करतात' असं म्हणत होतो. मीही म्हणत होतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

या पाण्यालाही भरती-ओहोटी आहे बरं का. पावसाळा सरता सरता भरती, उन्हाळ्यात ओहोटी, वर्षाला एकदा. २००६ पर्यंत धरणाची उंची १२१.९२ मीटर झाली होती. १७ जून २०१७ ला दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण रेषेला टेकलं. दरवाजे बंद असताना आणि उघडे असताना पाण्यात किती फरक पडतो ते बघा, जवळजवळ सतरा मीटर. पाच मजली इमारत! या भरतीची तिथी कोणती? कुठल्या पंचांगात? वरच्या इंदिरासागरमधून, ओंकारेश्वरमधून किती सोडलं, खाली किती अडवलं, वीज किती काढायची, कालव्याला किती द्यायचं, यावर ती ठरते. म्हणजे ही भरती माणसं ठरवतात, आणि ती ठरवणारी माणसं या टेकड्यांवर राहत नाहीत. अलिबागच्या टांगेवाल्याला जे बोटांवर मोजता येतं, ते टेकडीवरच्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि ओहोटी आली की काय मिळतं? वाळू नाही. गाळ. मांडीएवढा चिकट गाळ, ज्यात गुरं रुतून बसतात.

तेव्हा माझं पहिलं भांडण 'बेट' या शब्दाशी आहे. तुम्ही म्हणाल, शब्दावरून काय भांडायचं? तर ऐका. पुनर्वसनाच्या भाषेत याला एक शब्द आहे, टापू. म्हणजे ज्याचं घर किंवा शेत प्रत्यक्ष बुडालं नाही पण चारी बाजूंनी पाण्याने वेढलं. शेत पाण्याखाली गेलं तर तुम्ही बुडीतग्रस्त, जमिनीला जमीन मिळण्याचे हक्कदार. पण शेत कोरडं, आणि शेताला जायची वाट बुडालेली? गाव, बाजार, दवाखाना सगळा पाण्यापलीकडे? तुम्ही ग्रस्त की नाही? या एका शब्दावरून आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं अर्ज, सर्वेक्षणं, मोर्चे झाले. कुणाला जमीन मिळाली, तळोद्याकडे सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. कुणी गुजरातेत गेले. कुणी नाव यादीत नाही म्हणून, कुणी दिलेली जमीन पटली नाही म्हणून, कुणी नुसतंच 'इथेच राहणार' म्हणून टेकडीवर वर सरकले. जसजसं पाणी चढलं तसतसं घर वर. त्या फोटोतलं एकटं घर कुणी निसर्गरम्य जागा बघून बांधलेलं नाही हो! पाण्याने तिथपर्यंत ढकललं म्हणून ते तिथे आहे.

'टापू' म्हटलं की कुणीतरी काहीतरी देणं लागतो. 'बेट' म्हटलं की फोटो काढायचा. एवढा फरक आहे.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवताना स्वतःचं झाकून ठेवणं बरं नाही. २०२२ च्या दिवाळीत आम्ही गेलो होतो. होय, आम्हीच. आम्ही नऊ जण, त्यातले पाच पुण्याहून आलेले. धडगावच्या घाटातून जीपने नदीपर्यंत, तिथून इंजिनाची बोट. बोटवाला पावरा पोरगा, बावीस-तेवीसचा, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. पाणी भरलेलं होतं. खोटं कशाला बोलू, दृश्य विलक्षण होतं. सातपुड्याच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, मधूनच पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांद्या. "ती चिंच आमची," असं तो पोरगा एका फांदीकडे बोट दाखवून म्हणाला. आम्ही चिंचेचाही फोटो काढला.

परतीच्या वेळी त्याने न विचारता बोट एका टेकडीकडे वळवली. वरून कुणीतरी हाक मारत होतं. एक म्हातारी, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर, तापाने मलूल झालेलं, आणि मागे पोराची आई. सकाळपासून बसल्या होत्या. जाणारी बोट आलीच नव्हती. आणि आमच्या बोटीत काय बोललं गेलं? एकजण म्हणाला, "बोट आपण ठरवली आहे ना? पूर्ण दिवसाची?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "सनसेट चुकणार आता." हे मोठ्याने. बाकीचे गप्प. मीही गप्प. सगळ्यांत वयाने मोठा मी, त्या भागातला मी, आणि मी पाण्याकडे बघत बसलो. बोटवाल्याने काहीही न बोलता तिघांना आत घेतलं. म्हातारीने बसल्या बसल्या ओच्यातून काकडी काढली, मोडली आणि अर्धी आमच्या भाचीच्या मुलीला दिली.

किनाऱ्यावर जीप आमचीच होती, त्यामुळे धडगावच्या दवाखान्यापर्यंत त्यांना आम्ही सोडलं, मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून. दोन दिवसांनी बोटवाल्याला फोन केला तेव्हा पोर बरं होतं. पण त्याच रात्री आमच्या ग्रुपवर त्या म्हातारीचा फोटो फिरत होता आणि खाली लिहिलं होतं 'माणुसकी अजून जिवंत आहे'. कुणाची माणुसकी? बोट वळवली त्या पोराने. दिवसभर उन्हात बसल्या त्या बायका. आम्ही फक्त सूर्यास्त चुकल्याबद्दल तोंड वाकडं केलं होतं. तो फोटो मी आजही डिलीट करायला सांगतोय, आणि तो अजून तिथेच आहे.

यावर नेहमीचा प्रतिवाद येणार हे मला माहीत आहे, आमचे एक मेव्हणे तो हटकून करतात: "पर्यटन आलं तर त्यांनाच चार पैसे मिळतील. तुम्ही त्यांचं नुकसान करताय." हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. त्या पोरालाही आमच्या भाड्याचा आनंद होताच, आणि शेत गेलेल्या माणसाने मासे नाहीतर माणसं, काहीतरी तर वाहायला हवं. मच्छीमारीच्या सहकारी संस्था त्या पाण्यावर उभ्या राहिल्या आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण हिशेब पूर्ण करा ना. दिवसभराचं भाडं देणारे आपण गेलो की त्या दिवशी ती बोट आपली होते, आणि टेकडीवरच्या बाईला 'आज बोट नाही'. पर्यटन आणायचंय? मग आधी रोज ठरलेल्या वेळी जाणारी-येणारी बोट आणा, तिचं वेळापत्रक प्रत्येक पाड्यावर लावा. नंतर हव्या तेवढ्या सहली न्या. पाणी सोडायच्या, अडवायच्या आधी लोकांना त्यांच्या भाषेत, भिलीत, पावरीत, कळवा. आणि बोटीत जितकी माणसं तितकी जाकिटं ठेवा. १५ जानेवारी २०१९ ला संक्रांतीच्या स्नानाला निघालेली बोट धडगाव तालुक्यात भुषा इथे उलटली. माणसं भरपूर कोंबलेली होती. सहा जणांचे जीव त्याच दिवशी गेल्याचं कळलं. ते तर आपल्याच भागातले यात्रेकरू होते, हौसेचे पर्यटकही नव्हेत. ग्रुपवर 'बोट कोण ठरवणार' विचारणाऱ्यांपैकी एकाने तरी 'जाकिटं आहेत का' असं विचारलं का?

आणि सरकारने काहीच केलं नाही असंही मी म्हणत नाही. तरंगता दवाखाना आला, बोटीची अँब्युलन्स आली. पण डोंगरातून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणायची पद्धत काही संपलेली नाही. पेपरवाल्यांनी तिचं 'बांबुलन्स' असं नावसुद्धा ठेवलंय. आपल्याकडे कशाचीही मौज होते.

२०२० साली टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी देशभर गाजली होती, आठवतंय? आलीगाट आणि दादर या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि कुपोषित बाळं अंगणवाडीत येईनात, म्हणून त्यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि १८ किलोमीटर स्वतः वल्हवत जाऊन आहार, औषधं पोचवली. आठवड्यातले पाच दिवस. सगळ्यांनी कौतुक केलं, आपल्या ग्रुपवरही 'सलाम' पडले. कौतुक व्हायलाच हवं, त्या बाईच्या हातांना काय दुखलं असेल ते तिलाच ठाऊक. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा वळवळतो. होडी मागून का घ्यावी लागली? अंगणवाडी ज्यांची, पाणी ज्यांनी साठवलं, त्यांच्याकडे एक होडी नव्हती?

कारण होड्यांना तोटा नाही हो त्या पाण्याला. जरा खाली, धरणाच्या पलीकडे जा. तिथेही एक बेट आहे, साधू बेट. नर्मदेच्या पात्रातलं अगदी खरंखुरं बेट. त्यावर ३१ ऑक्टोबर २०१८ ला १८२ मीटर उंच सरदारांचा पुतळा उभा राहिला. तिथे पूल आहे, बस आहे, क्रूझ आहे, रात्री रोषणाई आहे, २०२१ पासून थेट रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आमच्या घरातले निम्मे जाऊन आलेत, सरदार पटेलांशी माझं काही वाकडं नाही. फक्त एवढं बघा: एकाच नदीवर एक बेट असं आहे जिथे जायला सगळी सोय आहे, आणि त्याच नदीवर वरच्या अंगाला असे टापू आहेत जिथून बाहेर यायला सोय नाही. आपल्या वाट्याला काय आलं तेही बघा. १९७९ च्या लवादाने पाण्यातला वाटा ठरवला, गुजरातला नऊ दशलक्ष एकर-फूट, महाराष्ट्राला पाव दशलक्ष. विजेतला वाटा मात्र २७ टक्के. ती वीज महाराष्ट्राला मिळते, आणि नदीकाठच्या कितीतरी पाड्यांनी दशकानुदशकं तारेची वीज पाहिली नाही. ज्याच्या डोक्यावरून पाणी गेलं, दिवा त्याच्याच घरात नाही. आणि वर आपण जाऊन म्हणायचं, 'काय शांतता आहे नाही! रात्री तारे काय दिसतात!' तारे दिसतात कारण दिवे नाहीत, महाराज.

परत ताईकडे येतो, कारण तिनेच मला एक गोष्ट सांगितली जी या भांडणात माझ्या कामी आली. ग्रुपवरचा धिंगाणा वाचून तिने मला वेगळा निरोप पाठवला. म्हणाली, "दादा, तुला बेटाची जोडी लावायची नसेल तर त्रवेरिनची लाव." मला काही बोध झाला नाही. मग तिने सांगितलं. वेल्समध्येच त्रवेरिन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं छोटं गाव होतं, चर्च, शाळा, पोस्ट, डझनभर घरं आणि शेतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने हात वर केला नाही, तरी तो मंजूर झाला. १९६५ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. माणसं किती? ४८ जणांची घरं गेली. अठ्ठेचाळीस! आपल्या एका पाड्याएवढीही नाहीत. आणि त्या अठ्ठेचाळीस माणसांसाठी सगळा वेल्स आजतागायत पेटलेला आहे. रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर कुणीतरी त्यांच्या भाषेत 'त्रवेरिन विसरू नका' असं रंगवलं. २०१९ मध्ये त्या भिंतीची कुणी मोडतोड केली, तर गावोगाव लोकांनी आपापल्या भिंतींवर तेच शब्द रंगवले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली, चाळीस वर्षांनी का होईना.

मला हे वाचून लाज वाटली, आणि ती वेल्सबद्दलच्या कौतुकापेक्षा जास्त होती. ताई ज्या देशात सुंदर बेटावर फिरायला जाते तिथल्या लोकांना बेट कुठलं आणि बुडालेलं गाव कुठलं याचा फरक कळतो. आपण बुडालेल्या गावालाच बेट म्हणून टाकलं आणि वर मालदीवची उपमा दिली. आपल्या शहाद्यात, नंदुरबारात, तळोद्यात कुठल्या भिंतीवर मणिबेलीचं नाव रंगवलेलं तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही. दुकानांच्या जाहिराती पाहिल्यात, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक पाहिलेत. पुण्या-मुंबईचं सोडा, आपल्या जिल्ह्यातल्या दहावीच्या पोराला ती ३३ नावं विचारा, तीन सांगितली तरी शेवभाजी माझ्याकडून.

'म्हणजे जायचंच नाही का?' असा प्रश्न ताईच्या नवऱ्याने अगदी प्रामाणिकपणे विचारला. त्यांच्यासाठी आणि ज्यांना खरंच यायचंय त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबरात नका येऊ. तेव्हा पाणी भरपूर असतं आणि फोटो चांगले येतात, म्हणूनच नका येऊ. मे महिन्यात या. ऊन भयंकर असतं, पण पाणी उतरलेलं असतं. टेकडीच्या अंगावर पाण्याने ओढलेली मातकट रेघ दिसते, तिच्या खाली एक झाड हिरवं नाही. गाळ तडकलेला असतो, आणि त्यात कुठे कुठे जुन्या बांधाचे दगड, घराचं जोतं वर येतं. तो बोटवाला पोरगा आता लग्न करून संसाराला लागलाय, त्याने मला सांगून ठेवलंय की पाणी खूप उतरलं तर त्यांचं जुनं अंगण दाखवीन. त्याच्या आज्याने लावलेली चिंच तिथेच होती. वाळलीय पण उभी आहे.

बोट लागणार नाही, उतरून चालावं लागेल, निदान तीन तास. तंबू नाही, मुक्काम त्याच्या घरी, भाकरी आणि उडदाची डाळ मिळेल, पैसे त्याच्या बायकोच्या हातात द्यायचे. माणशी चार लिटर पाणी, जुने बूट, टोपी. पायाला त्रास असलेल्यांनी शहाद्यातच थांबावं, आईशी गप्पा माराव्यात. कोण कोण येतंय ते मला फोनवर कळवा, ग्रुपवर नको.